शपथ घेणारा बिशप : फ्रेंच राज्यक्रांतीतले आंरी ग्रेगोआर

शाळेच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती येते ती बास्तिलचा तुरुंग, गिलोटिन आणि शेवटी नेपोलियन अशी. धर्माबद्दल एखादंच वाक्य असतं: क्रांतिकारकांनी चर्चची सत्ता मोडली. हे खोटं नाही, पण त्यामुळे एक गोष्ट दिसेनाशी होते. 1789 च्या जून महिन्यात राजाची बाजू लंगडी पडली, त्यात गावोगावच्या कॅथलिक धर्मगुरूंचा मोठा हात होता. त्यांच्यातले एक, लोरेन प्रांतातल्या एका शिंप्याचे चिरंजीव, पुढे क्रांतीच्या अगदी मध्यभागी उभे राहिले. राजेशाही रद्द करा म्हणून सभागृहात गरजले आणि तरीही मरेपर्यंत कॅथलिक बिशप राहिले. क्रांतिकारकांना ते फार धार्मिक वाटले, चर्चला फार क्रांतिकारी. या माणसाचं नाव आंरी ग्रेगोआर.

त्यांचं आयुष्य समजायचं तर एका शपथेचं कोडं उलगडावं लागतं. आपल्याकडे फारसा ठाऊक नसलेला हा वाद आहे, पण त्याने फ्रान्समधली गावंच्या गावं दुभंगली. म्हणून तो जरा सावकाश सांगतो.

ग्रेगोआर यांचा जन्म 4 डिसेंबर 1750 रोजी व्हेओ नावाच्या खेड्यात झाला. शिक्षण नान्सीला, जेझुइट पंथाच्या शाळेत. 1775 मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि 1782 पासून ते एम्बेर्मेनिल या छोट्या धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, प्रमुख झाले. तिथे त्यांनी गावकऱ्यांसाठी वाचनालय सुरू केलं. शेतीची, आरोग्याची, धर्माची पुस्तकं ते लोकांना वाचायला देत. ही बाब चरित्रात एका ओळीत उरकली जाते, पण मला ती महत्त्वाची वाटते. देवावरची श्रद्धा आणि डोक्यातला उजेड यांत भांडण असू शकतं, हे या माणसाला कधी पटलंच नाही.

त्या काळी फ्रान्समध्ये धर्मगुरू होणं म्हणजे काय, हेही पाहायला हवं. जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत होत. शाळा आणि इस्पितळं बहुतेक चर्चच चालवत असे. शेतकऱ्याच्या पिकातला दशमांश चर्चला जाई. पण हा पैसा गावच्या पाद्र्यापर्यंत पोचत असे असं नाही. पुष्कळ ठिकाणी दशमांश एखादा मठ किंवा वरचा अधिकारी घेई आणि गावात राबणाऱ्या धर्मगुरूला वर्षाला 700 लिव्रची (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) बांधलेली रक्कम देई. उलट बिशप जवळजवळ सगळे सरदार घराण्यांतले, आणि काहींचं उत्पन्न लाखांत. बिशप नेमायचा अधिकार होता राजाकडे. 1516 मध्ये राजा आणि पोप यांच्यात बोलोन्या इथे झालेल्या करारानुसार राजा नाव सुचवी आणि पोप त्यावर शिक्कामोर्तब करत. गोव्यातल्या वाचकांना हे परकं वाटणार नाही. तिथे पाद्रोआदोच्या नावाखाली पोर्तुगालचा राजा हेच करत होता, आणि आपल्याला डावललं जातं ही स्थानिक धर्मगुरूंची सल 1787 च्या पिंटोंच्या उठावात उसळून आली होती.

तर 1789 मध्ये राज्य दिवाळखोरीत निघाल्यावर राजाने तीन वर्गांची सभा बोलावली: धर्मगुरू, सरदार आणि उरलेली सगळी जनता. धर्मगुरूंचे सुमारे 300 प्रतिनिधी आले, त्यांतले दोनशेहून जास्त साधे गावपाद्री. नान्सीच्या धर्मगुरूंनी ग्रेगोआर यांना निवडून पाठवलं होतं. सरदारांना प्रत्येक वर्गाचं मतदान वेगवेगळं हवं होतं, म्हणजे दोन विरुद्ध एक असा निकाल ठरलेलाच. तिसऱ्या वर्गाचं म्हणणं होतं, सगळे एकत्र बसू आणि डोकी मोजू. ही कोंडी फोडली पाद्र्यांनी. 13 जूनला प्वातू प्रांतातले तिघे उठून तिसऱ्या वर्गात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी जे गेले त्यांत ग्रेगोआर होते. आठवडाभरात धर्मगुरूंच्या बहुमताने तोच रस्ता धरला. राज्यघटना झाल्याशिवाय पांगणार नाही, अशी शपथ प्रतिनिधींनी त्याच जूनमध्ये टेनिसच्या मैदानावर घेतली; तिचं जे चित्र चित्रकार दाविदने रेखाटलं, त्यात पुढेच तिघे गळ्यात गळा घालून उभे आहेत: एक कॅथलिक मठवासी, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि मध्ये ग्रेगोआर. बास्तिल पडलं त्या दिवसांत राष्ट्रीय सभेची, म्हणजे या एकत्र बसलेल्या प्रतिनिधींची, बैठक रात्रंदिवस चालू होती, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत ग्रेगोआर होते.

इथवर क्रांती आणि चर्च यांत वैर नाही. वैर आलं ते पैशाच्या वाटेने. नोव्हेंबर 1789 मध्ये सभेने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. ठराव मांडणारे तालेराँ स्वतः बिशप होते. जमिनी विकून कर्ज फेडायचं, आणि बदल्यात धर्मगुरूंचा पगार सरकारने द्यायचा. आता पगार सरकारी म्हटल्यावर नेमणूकही सरकारी नियमांनीच व्हायला हवी, या तर्काने 12 जुलै 1790 रोजी एक कायदा मंजूर झाला. नाव: धर्मगुरूंची नागरी घटना. यातल्या तीन तरतुदी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं कळतं. एक, धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपाच्या हद्दींची, संख्या 130 च्या वर होती ती 83 वर आणली, दर जिल्ह्याला एक. दुसरी, बिशप आणि धर्मग्रामांचे प्रमुख यांना मतदार निवडतील, जसे ते इतर सार्वजनिक अधिकारी निवडतात. म्हणजे मतदारांत प्रोटेस्टंट किंवा नास्तिकही असू शकत होते. तिसरी, नव्या बिशपाने पोपकडे मान्यता मागायची नाही, फक्त निवड झाल्याचं पत्र पाठवायचं. गावपाद्र्याचा पगार मात्र किमान 1,200 लिव्र झाला.

नोव्हेंबरात पुढचा हुकूम निघाला: पदावरच्या प्रत्येक धर्मगुरूने राष्ट्र, कायदा आणि राजा यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची आणि ही घटना पाळण्याची शपथ घ्यावी. नाही घेतली तर पद गेलं. 27 डिसेंबर 1790 रोजी राष्ट्रीय सभेत सगळ्यांत आधी उठून शपथ घेतली ती ग्रेगोआर यांनी.

त्यांनी हे संधिसाधूपणाने केलं असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते मुळीच पटत नाही, कारण त्यामागे धर्मशास्त्राचा पक्का विचार होता आणि तो त्यांनी जन्मभर बदलला नाही. तो विचार असा. चर्चमध्ये दोन गोष्टी असतात. एक श्रद्धेचा गाभा: देव, ख्रिस्त, संस्कार. याला हात लावायचा अधिकार कुठल्याच सरकारला नाही. दुसरा कारभार: सीमा कुठे आखायच्या, कोण कुठे नेमायचा, पगार किती. हा काळाप्रमाणे बदलत आला आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत बिशप लोकांच्या पसंतीने निवडले जात. मिलान शहराच्या लोकांनी 374 मध्ये आंब्रोज यांना असंच बिशप केलं, तेव्हा त्यांचा स्नानसंस्कारही (बाप्तिस्मा) झालेला नव्हता. पाचव्या शतकातले पोप लिओ यांचं वचन होतं की ज्याला सगळ्यांवर प्रमुख व्हायचं आहे त्याला सगळ्यांनी निवडावं. मग राजाने दरबारातून बिशप नेमणं हीच खरी भेसळ, आणि निवडणूक म्हणजे जुन्या शुद्ध वाटेवर परतणं, असं ग्रेगोआर मानत.

या विचाराची मुळं फ्रान्समध्ये खोल होती. फ्रेंच चर्चने रोमच्या प्रत्येक शब्दाखाली मान तुकवू नये, असं मानणारी परंपरा होती. 1682 मध्ये फ्रेंच बिशपांनीच तसे चार मुद्दे मांडले होते. गावच्या धर्मगुरूचा अधिकार थेट ख्रिस्ताच्या शिष्यांकडून आलेला आहे, तो बिशपाच्या मेहेरबानीवर नाही, असा सतराव्या शतकातल्या एदमाँ रिशे या धर्मशास्त्र्याचा विचार होता. आणि पोर-रोयालच्या मठाभोवती वाढलेला जान्सेनवाद होता: कडक नीती, सद्सद्विवेकबुद्धीचा मान आणि दरबारी धर्माचा तिटकारा. राजाने तो मठ जमीनदोस्त केला होता. ग्रेगोआर यांनी पुढे त्याच्या अवशेषांवर एक पुस्तकच लिहिलं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण तेही हलकं नव्हतं. बिशपाला अधिकार मिळतो तो प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतून, मतपेटीतून नाही. सीमा बदला, पण चर्चला विचारून बदला. फ्रान्सच्या बिशपांनी धर्मसभा बोलवा असं सुचवलं होतं. राष्ट्रीय सभेने नकार दिला. पोपना विचारलंच नाही. आणि ज्याचा संस्कारांवर विश्वास नाही त्याने बिशप का निवडावा? पहिल्या शतकांत लोक निवडत होते हे खरं, पण ते लोक म्हणजे श्रद्धावंतांचा मेळा होता, जिल्ह्याचे मतदार नव्हेत. या शेवटच्या मुद्द्याला ग्रेगोआर यांच्याकडे समाधानकारक उत्तर होतं असं मला वाटत नाही.

पोप पायस सहावे यांनी मार्च आणि एप्रिल 1791 मध्ये कायद्याचा धिक्कार केला. तोवर शपथेचा निकाल लागलाही होता. बिशपांपैकी मूठभरांनीच ती घेतली. गावपाद्र्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्तांनी घेतली. पॅरिसच्या आसपास शपथ घेणारे पुष्कळ, तर पश्चिमेला ब्रिटनी आणि व्हाँदे भागांत बरेच कमी. गावात याचा अर्थ काय झाला? काल बाळाला स्नानसंस्कार देणारे फादर आज पदावरून गेले. त्यांच्या जागी निवडून आलेले नवे फादर आले. जुने फादर एखाद्या गोठ्यात चोरून मिस्सा म्हणू लागले. नव्या फादरांनी लावलेलं लग्न देवाला मान्य आहे का, हा प्रश्न घराघरांत पोचला. आजीच्या मरणसमयी कोणाला बोलवायचं? लाखो साध्या माणसांना क्रांती परकी वाटायला लागली ती इथून.

ग्रेगोआर यांच्याविषयी आदर असूनही मला इथे त्यांचा दोष दिसतो. सद्सद्विवेकावर कोणाची सक्ती नको, हे त्यांच्या आयुष्याचं सूत्र. पण ही शपथ हीच सक्ती होती. पोट आणि पद यांचा धाक दाखवून ती घेतली जात होती. ऑगस्ट 1792 मध्ये शपथ न घेतलेल्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांतून जमावाने दोनशेहून अधिक धर्मगुरूंना ठार मारलं. ग्रेगोआर यांच्या हातून हे रक्त सांडलं नाही. पण ज्या दरीत ते सांडलं, ती खणणाऱ्या कायद्याला त्यांनी सर्वांत आधी होकार दिला होता.

ते स्वतः फेब्रुवारी 1791 मध्ये ब्लुआचे बिशप म्हणून निवडून आले. सप्टेंबर 1792 मध्ये नव्या राष्ट्रीय परिषदेत राजेशाही रद्द करण्याचा ठराव आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, चर्चा तर व्हायला हवी. त्यावर ग्रेगोआर म्हणाले की निसर्गात जसे राक्षसी जीव तसे नीतीच्या जगात राजे, आणि राजांचा इतिहास म्हणजे राष्ट्रांच्या हौतात्म्याची कहाणी. ठराव मंजूर झाला. एवढं जहाल बोलणारा माणूस राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने असेल असं वाटेल, आणि त्यांच्यावर राजहत्येचा शिक्का पुढे कायम मारलाही गेला. प्रत्यक्षात ते तेव्हा साव्हुआ प्रांतात सरकारी कामावर होते. तिथून सहकाऱ्यांसह पाठवलेल्या पत्रात राजाला दोषी ठरवा असं होतं. मृत्यूचा उल्लेख नव्हता. फाशीची शिक्षाच नको, हे त्यांनी नोव्हेंबरात जाहीरपणे मांडलं होतं.

मग आला 7 नोव्हेंबर 1793. दहशतीचं राज्य ऐन भरात होतं. राष्ट्रीय परिषदेत पॅरिसचे बिशप गोबेल यांनी आपला क्रूस आणि अंगठी उतरवून ठेवली, डोक्यावर लाल टोपी चढवली आणि पदाचा राजीनामा दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ सभासद असलेले इतर धर्मगुरू पुढे सरसावले, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशकही. ग्रेगोआर तेव्हा शिक्षण समितीत होते. ते सभागृहात आले आणि लोकांनी त्यांनाही व्यासपीठाकडे लोटलं. सगळ्यांची अपेक्षा एकच. समोर गिलोटिन चालू असलेल्या शहरात नाही म्हणणं म्हणजे काय, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. ते म्हणाले की मी श्रद्धेने आणि अंतःकरणाने कॅथलिक आहे, स्वतःच्या निवडीने धर्मगुरू आहे. लोकांनी मला बिशप म्हणून निवडलं. पण माझं कार्य मला लोकांनी दिलेलं नाही आणि तुम्हीही दिलेलं नाही. माझ्या धर्मप्रांतात मी भलं करायचा प्रयत्न केला, आणखी करता यावं म्हणून मी बिशप राहतो. मी धर्मस्वातंत्र्याचा आधार मागतो.

आरडाओरडा झाला. ते खाली उतरले. तीन दिवसांनी नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये बुद्धिदेवतेचा उत्सव झाला. त्यानंतरही ग्रेगोआर बिशपाच्या जांभळ्या झग्यात परिषदेत येऊन बसत राहिले. गोबेल यांना राजीनामा देऊनही वाचता आलं नाही. एप्रिल 1794 मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

त्या भाषणातलं एक वाक्य पुन्हा वाचायला हवं: माझं कार्य मला लोकांनी दिलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी लोकांनी बिशप निवडावा म्हणून शपथ घेणारा माणूस हे बोलतो आहे. त्यांच्या मते निवड लोकांची, पण अधिकार देवाचा. म्हणूनच जमाव उलटला तरी त्यांना पद सोडायचं कारण नव्हतं. गोबेल यांच्याकडे हा दुसरा पाया उरला नव्हता.

याच धर्मविचारातून त्यांची दुसरी कामं निघाली. सगळी माणसं एकाच मूळ जोडप्याची लेकरं, म्हणून कातडीचा रंग किंवा वंश यावरून कमीजास्त ठरवणं म्हणजे पाप. मेत्झ शहराच्या विद्वत्सभेने ज्यू लोकांच्या स्थितीवर निबंध मागवले होते. 1788 मध्ये पारितोषिक मिळालेल्यांत ग्रेगोआर होते. 1791 मध्ये फ्रान्समधल्या सर्व ज्यूंना नागरिकत्व मिळालं, त्यासाठी ते झगडले होते. वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध ते 1789 पासूनच बोलत होते. 4 फेब्रुवारी 1794 रोजी परिषदेने ती रद्द केली. नेपोलियनने 1802 मध्ये ती पुन्हा आणली, तरी ग्रेगोआर मागे हटले नाहीत. 1808 मध्ये त्यांनी काळ्या लेखक-विचारवंतांच्या कर्तृत्वावर एक ग्रंथ लिहिला आणि त्याची प्रत अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांना पाठवली. काळ्या माणसाची बुद्धी कमी असते असं लिहून बसलेल्या आणि स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जेफरसन यांना त्यावर सौजन्याचं उत्तर द्यावं लागलं.

या समतेला एक कडू बाजूही आहे. ज्यूंना हक्क द्या, पण मग त्यांनी आपलं वेगळेपण टाकून इतरांसारखं व्हावं, आणि कधीतरी ख्रिस्ताकडे यावं, ही त्यांची आस लपलेली नाही. भाषांबाबत ते आणखी कठोर होते. त्यांनी 1790 मध्ये 43 प्रश्नांची यादी देशभर पाठवून बोलींची पाहणी केली. जून 1794 च्या अहवालात त्यांनी सांगितलं की किमान 60 लाख फ्रेंच लोकांना राष्ट्रभाषा येत नाही, आणि ती शुद्ध बोलणारे 30 लाखांहून जास्त नसतील. उपाय काय, तर बोली नष्ट करा. ब्रेटन, बास्क, ऑक्सितान बोलणाऱ्या शेतकऱ्याला कायदा समजावा, त्याने कोणाच्या तोंडाकडे बघू नये, हा हेतू चांगला. पण वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. माणसाच्या मनावर सक्ती नको म्हणणाऱ्याला माणसाची जीभ त्या मनाचाच भाग आहे, हे दिसलं नाही.

दहशत ओसरल्यावर डिसेंबर 1794 मध्ये त्यांनी चर्चची दारं उघडा अशी मागणी करणारं भाषण केलं. सभासदांनी त्यांना ओरडून गप्प केलं, पण छापील भाषण देशभर गेलं आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी 1795 मध्ये, उपासनेचं स्वातंत्र्य देणारा कायदा झाला. पुढची सहा वर्षं ते शपथ घेतलेल्या चर्चची मोडकी घडी बसवत राहिले. सरकारी पगार नाही, हजारो धर्मगुरूंनी पद सोडलेलं, काहींनी लग्नं केलेली. 1797 आणि 1801 मध्ये पॅरिसला त्यांच्या राष्ट्रीय धर्मसभा भरल्या.

हे सगळं मोडलं नेपोलियनने. 15 जुलै 1801 रोजी त्याने पोप पायस सातवे यांच्याशी करार केला. शपथ घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही बाजूंच्या बिशपांना राजीनामे द्यायला सांगितलं गेलं. बिशप नेमायचा अधिकार पुन्हा एका सत्ताधीशाकडे गेला, 1516 सारखाच. ग्रेगोआर यांनी धर्मप्रांत सोडला, पण शपथ मागे घेतली नाही. सिनेटमध्ये असताना 1804 मध्ये नेपोलियनला सम्राट करण्याच्या विरोधात मत देणाऱ्या मोजक्यांत ते होते. नेपोलियननंतर राजेशाही परतल्यावर त्यांना फ्रान्सच्या राष्ट्रीय विद्वत्सभेतून काढलं. 1819 मध्ये ग्रनोब्लच्या भागातून ते संसदेवर निवडून आले, तर त्यांना सभागृहात बसूच दिलं नाही.

मे 1831 मध्ये ते ऐंशी वर्षांचे होते आणि मरणशय्येवर होते. त्यांनी मरणाआधीचे संस्कार मागितले. पॅरिसचे आर्चबिशप केलाँ यांनी अट घातली: 1790 ची शपथ चुकीची होती असं म्हणा. चाळीस वर्षं लोटली होती, शपथेचा तो कायदा, तो राजा, ती परिषद यांतलं काहीच उरलं नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. ग्रेगोआर यांनी नकार दिला. आणि संस्कारांवाचून जाणंही नाकारलं. मी कॅथलिक आहे, माझा तो हक्क आहे, या भूमिकेवर ते अडून राहिले. शेवटी आबे गियाँ यांनी आर्चबिशपांची आज्ञा बाजूला ठेवून त्यांना संस्कार दिले. 28 मे रोजी ते वारले. अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी शववाहिनीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत मोंपार्नासच्या दफनभूमीपर्यंत नेली. मागे हजारोंचा जमाव होता.

क्रांतीच्या द्विशताब्दीच्या वर्षात, 12 डिसेंबर 1989 रोजी, फ्रान्स सरकारने त्यांचे अवशेष पाँतेओं या थोरांच्या राष्ट्रीय स्मारकात हलवले, गणितज्ञ माँज आणि विचारवंत काँदोर्से यांच्यासोबत. शपथ घेतल्याला 199 वर्षं होत आली होती. फ्रान्सच्या बिशपमंडळाने समारंभाकडे पाठ फिरवली. त्यांच्यातले एकच जण गेले, एव्ह्रोचे बिशप जाक गायो.